कामाचे माप कोणाच्या हाती?

(पिंपळगाव बसवंत येथील व्याख्यानाचा मजकूर)



पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीच्या आवारात कांद्याचा ट्रॅक्टर शिरला की पुढे काय घडावयाचे, हे शेतकऱ्याच्या घरातील शाळकरी मूलही बिनचूक सांगू शकते. उघड लिलाव पुकारला जातो, भाव ठरतो, भरल्या ट्रॅक्टरचे एक आणि रिकाम्या ट्रॅक्टरचे एक अशी दोन वजने काट्यावर होतात आणि शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. भावाविषयी त्याची तक्रार असते आणि ती बहुधा रास्तच असते; परंतु माल किती होता याविषयी व्यापाऱ्याशी हुज्जत घालण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो. ही व्यवस्था कोणी कृपावंत होऊन दिलेली नाही. रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे आणि मनाला येईल तसा कापलेला कडता यांच्याविरुद्ध शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या झगडल्या, तेव्हा कुठे १९६३ चा महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा आला आणि मापाचा अधिकार खरेदीदाराच्या हातून निघून बाजार समितीच्या काट्याकडे गेला.

त्याच कांद्याचे किंवा द्राक्षांचे पैसे घरात येतात, जुन्या धाब्याच्या घराच्या जागी स्लॅबचे घर बांधण्याचा बेत ठरतो, आणि तेथे मात्र काटाही नसतो नि पट्टीही नसते. ओट्यावर चहा घेता घेता बोलणे होते. चौरस फुटाला अमुक दर. माल मालकाचा, मजुरी ठेकेदाराची. दिवाळीच्या आत किल्ली हातात. एवढी तीन वाक्ये आणि थोडी उचल, हेच काय ते करारपत्र. ज्या माणसाने पाच क्विंटल कांद्याची पट्टी वर्षानुवर्षे डब्यात जपून ठेवलेली असते, तोच माणूस आयुष्यभराची पुंजी लागणारे काम तोंडी शब्दावर सोपवून मोकळा होतो. याला विश्वास म्हणण्याची रीत आहे. विश्वास ही मोठी गोष्ट खरी. पण कामाच्या अखेरीस हा विश्वास कोणाला महाग पडतो, हे पाहिल्यावाचून त्याचा गौरव करणे बरे नव्हे.

तंटा उभा राहतो तो बहुधा चौरस फूट या साध्या शब्दावरून. कोणता चौरस फूट? जोत्याचा की स्लॅबचा? खिडकीवरचा चज्जा मोजावयाचा की नाही? जिना एकदा धरावयाचा की खाली एकदा आणि गच्चीवर एकदा? पॅरापेटची भिंत, वरची पाण्याची टाकी, दारापुढचा ओटा, संडासाचा खड्डा ही सारी त्याच दरात आली की वेगळी? दर ठरविताना यांपैकी एकही प्रश्न कोणाच्या मनात नसतो, आणि हिशेबाच्या दिवशी यांखेरीज दुसरा प्रश्न नसतो. गवंड्याच्या बोलीतील ‘ब्रास’ हा शब्दच पाहावा. वाळू आणि खडी यांच्या बाबतीत एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. गिलाव्याच्या बाबतीत तोच ब्रास शंभर चौरस फुटांचा होतो. शब्द एक आणि मापे दोन, अशा ठिकाणी भांडण न झाले तरच नवल.

गिलाव्यात दारे-खिडक्यांची वजावट कशी करावयाची, हा असाच एक जुना कज्जा. मालक म्हणतो, जेथे भिंतच नाही तेथे गिलावा कसला? गवंडी म्हणतो, दाराच्या कडा आणि कोपरे सरळ काढण्याला सपाट भिंतीहून अधिक वेळ जातो, त्याचे काय? दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. बांधकामाच्या मोजमापाविषयीचे भारतीय मानक क्रमांक १२०० यावर फार पूर्वीच तोडगा देऊन बसले आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या भागाची वजावट करावयाची नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतच्या भागाची वजावट भिंतीच्या एकाच अंगाला करावयाची, दोन्ही अंगांना नाही. त्याहून मोठा भाग असेल तर दोन्ही अंगांना वजावट, पण कडांचे माप वेगळे धरावयाचे. साडेतीन फूट रुंद आणि सात फूट उंच दाराचे क्षेत्र सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास भरते. म्हणजे घराच्या बहुतेक दारांचा निकाल या एका नियमात लागला आहे. सरकार स्वतःची इमारत बांधते तेव्हा हे नियम पाळले जातात. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामावर मोजमाप पुस्तिका असते, तीत दर टप्प्याची लांबी-रुंदी लिहिली जाते आणि तिच्या आधाराने देयक निघते. त्या पुस्तिकेतही खोटे लिहिले जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु खोटे लिहिण्यासाठी तरी पुस्तिका असावी लागते. खाजगी घरावर मजुरांच्या हजेरीची एक वही तेवढी असते, आणि ती ठेकेदाराच्या खिशात असते.

मापाच्या जोडीला असते जादा काम. ‘जाता जाता एवढे करून टाका’ हे वाक्य प्रत्येक घरमालक कामाच्या काळात कितीदा उच्चारतो याची गणती नसते. पाहुणे येतात, ते सांगतात म्हणून स्वयंपाकघराचा ओटा दुसऱ्या भिंतीला जातो. देव्हाऱ्यासाठी कोनाडा काढला जातो. बांधलेली भिंत फोडून खिडकी बसते. प्रत्येक वेळी गवंडी ‘होय’ म्हणतो, कारण अर्धे पैसे अजून मालकाकडे अडकलेले असतात. शेवटी तो या साऱ्याचा आकडा सांगतो तेव्हा मालकाला तो लुबाडणारा वाटू लागतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती झाकून ठेवण्याने मजुरांचे भले होणार नाही. स्लॅब पहिल्या पावसात गळतो, गिलाव्याला भेगा पडतात, फरशीला उतार उलटा निघतो, आणि ठेकेदार तोवर दुसऱ्या गावी दुसऱ्या घराची उचल घेऊन बसलेला असतो. भेगा का पडल्या? ठेकेदार म्हणतो, पाणी मारण्याचे काम मालकाकडे होते. मालक म्हणतो, ते कोणी सांगितले होते? काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक क्रमांक ४५६ सांगते की साध्या पोर्टलंड सिमेंटचे काँक्रीट किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटचे किमान दहा दिवस ओले राहिले पाहिजे. घरबांधणीत आज राखमिश्रित सिमेंटच सर्रास वापरले जाते. तेव्हा दहा दिवस धरून चालावे. पण हे दहा दिवस कोणाचे, हे ठरलेलेच नसल्याने स्लॅब तिसऱ्या दिवसापासून उन्हात तापत पडतो आणि दोन वर्षांनी त्याचा दोष एकमेकांच्या दारात टाकला जातो.

येथे घरमालक म्हणजे भांडवलदार आणि ठेकेदार म्हणजे दलाल, असे सरळ चित्र रंगविण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. हा घरमालक पुष्कळदा भविष्यनिर्वाह निधी काढून दोन खोल्या बांधणारा निवृत्त शिक्षक असतो, किंवा गारपिटीतून वाचलेल्या एका हंगामाच्या जोरावर धाडस करणारा तीन एकरांचा बागाईतदार. आणि ठेकेदार म्हणवणारा माणूस परवापर्यंत स्वतः थापी धरून भिंतीवर उभा होता. आजही निकडीला उभा राहतो. त्याच्यापाशी भांडवल असे नसतेच. या घराची उचल त्या घराच्या मजुरीला जाते, त्या घराचा हप्ता सेंटरिंगच्या भाड्याला जातो. कोठे तरी एका मालकाने शेवटचा हप्ता अडवला की साखळीची कडी तुटते, आणि तिचा भार वरच्या कड्यांवर न पडता तळाच्या कडीवर पडतो. ही तळाची कडी म्हणजे डोक्यावर घमेले वाहणारी बाई आणि तिच्याबरोबरचा बिगारी. या शब्दाचाही थोडा विचार व्हावा. बिगार म्हणजे फुकट करून घेतलेले काम, वेठ. वेठ कायद्याने गेली, पण बांधकामावरच्या मजुराला आपण अजून त्याच नावाने हाक मारतो, आणि शेवटच्या आठवड्याची मजुरी बुडाली की त्या नावाचा जुना अर्थ परत जिवंत होतो.

मालक आणि ठेकेदार यांच्या बोलण्यात या मजुराला कोणी विचारलेले नसते. दर ठरला तेव्हा तो नव्हता, जादा काम सांगितले तेव्हा त्याने ते केले, आणि तंटा पेटला तेव्हाही तो नव्हता. मालक म्हणतो, मी ठेकेदाराला दिले. ठेकेदार म्हणतो, मला मिळालेच नाहीत. दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते, आणि तरीही मजूर रिकाम्या हाताने परततो.

ही विषमता कायद्याने एके काळी उघड मान्य केलेली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १८५९ साली, म्हणजे बंडाचा वणवा विझतो न विझतो तोच, इंग्रज सरकारने कामगारांच्या करारभंगाचा तेरावा कायदा केला. कलकत्त्याच्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी मागणी केली होती. कामासाठी उचल घेतलेल्या कारागिराने किंवा मजुराने काम सोडले तर मॅजिस्ट्रेटने त्याला पैसे परत करण्याचा अथवा काम पुरे करण्याचा हुकूम द्यावा, आणि त्याने तो न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी द्यावी, असा तो कायदा होता. मालकाने मजुरी बुडवली तर? त्याने दिवाणी दावा लावावा. एकाच कराराचा भंग. एका बाजूला तुरुंग आणि दुसऱ्या बाजूला तारखा. हा कायदा १९२५ साली रद्द झाला. पण तो रद्द झाला म्हणून त्याची सवय गेली असे म्हणवत नाही. ठेकेदार काम सोडून गेला की मालक आजही प्रथम धाव घेतो ती पोलीस ठाण्याकडे, फसवणुकीची फिर्याद द्यावयाला. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या हृदयरंजन वर्मा खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की नुसता करारभंग म्हणजे फसवणूक नव्हे. करार करतानाच बुडवण्याचा हेतू असला पाहिजे. पण ठाण्यातल्या बाकावर बसलेल्या गवंड्याला हा निकाल कोण वाचून दाखवणार?

दिवाणी कायदा कागदावर पाहिला तर तो काही मजुराचा वैरी नाही. १८७२ च्या करार कायद्याने तोंडी करारही करारच मानला आहे. त्याच कायद्याचे सत्तरावे कलम म्हणते की, फुकट करण्याच्या इराद्याने नव्हे अशा रीतीने एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला दिला पाहिजे. बंगालमध्ये एका ठेकेदाराने सरकारच्या पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून बांधकामे केली. पैसे मागावयास गेल्यावर त्याला उत्तर मिळाले की रीतसर करारच झालेला नाही. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने बी. के. मंडल यांच्या या खटल्यात सरकारचा तो बचाव फेटाळला: करार नसेना का, इमारती तर वापरल्या आहेत! देव्हाऱ्याच्या कोनाड्याचे पैसे मागणाऱ्या गवंड्याच्या बाजूने याहून सबळ आधार कोणता? तसेच दिरंगाईबद्दल रोज इतका दंड, अशी धमकावणीची अट घातली असेल तर तीही आंधळेपणाने वसूल होत नाही. चौऱ्याहत्तराव्या कलमाप्रमाणे वाजवी भरपाई तेवढी मिळते, हे १९६३ च्या फत्तेचंद खटल्यापासून ठरलेले आहे.

अडचण आहे ती पुराव्याची आणि वेळेची. केलेल्या कामाच्या पैशांसाठी, ते द्यावयाची मुदत ठरलेली नसेल तर, काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. गवंडी पहिले वर्ष ‘पुढच्या हंगामात देतो’ या शब्दावर काढतो, दुसरे वर्ष मध्यस्थांच्या बैठकांत काढतो आणि तिसऱ्या वर्षी वकिलाकडे जातो. तेथे त्याला पहिला प्रश्न येतो, काही लिहिलेले आहे काय? लिहिलेले असते तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सदतिसाव्या आदेशाखाली ठरीव रकमेसाठी संक्षिप्त दावा लावता आला असता. त्यात प्रतिवादीला बचाव करण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. तोंडी करारावर ही सवलत नाही. मालकाला मात्र आणखी एक दार उघडे आहे. घरबांधणी ही सेवा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात मान्य केल्यामुळे सदोष कामाबद्दल तो जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार नेऊ शकतो. ठेकेदार मालकाविरुद्ध तेथे जाऊ शकत नाही; तो ग्राहक नव्हे. ग्राहकाचे संरक्षण ही चांगलीच गोष्ट आहे, आणि गळक्या घरात राहणाऱ्याला ते मिळालेच पाहिजे. पण राबणाऱ्याच्या पैशांसाठी असे सुटसुटीत दार का नसावे, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

राबणाऱ्यांसाठी कायदे आहेत. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक मोठे तत्त्व मान्य केले: ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने ती द्यावी आणि मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांसाठी स्टेडियमे आणि पूल उभे राहत होते, तेव्हा मजुरांची रोजची किमान मजुरी सव्वानऊ रुपये होती आणि त्यांतला एक रुपया जमादार परस्पर कापून घेत. ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संघटनेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत काम करावयास लावणे म्हणजे संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठच होय, असा निकाल न्यायमूर्ती भगवती यांनी दिला, आणि ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारला सुटता येणार नाही असेही बजावले. तो निकाल आजही वाचावा असा आहे. परंतु राजधानीच्या स्टेडियमवरून पिंपळगावच्या एखाद्या गल्लीतल्या घरापर्यंत येईतो त्या तत्त्वाचे बळ सरते. कंत्राटी कामगार कायदा आरंभी वीस मजुरांच्या कामांना लागू होता; २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी ही मर्यादा पन्नासवर नेली आहे. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्याने दहा लाखांपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला वगळले होते. नव्या संहितेत तो आकडा पन्नास लाखांचा झाला. गावातल्या घरावर आठ-दहा माणसे राबतात. म्हणजे जेथे मजुरी सर्वाधिक तोंडी आहे, नेमके तेथेच कायद्याने पाठ फिरवली आहे.

आणि हा प्रश्न विटा-सिमेंटपुरता नाही. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागांत दर ऑक्टोबरला छाटणी सुरू होते. पेठ, सुरगाणा भागांतून आदिवासी मजुरांच्या टोळ्या उतरतात आणि एकरी उक्ते काम घेतात. छाटणी, छाटलेल्या काडीला पेस्ट लावणे, फेलफूट काढणे, घडांची विरळणी, जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवणे, अशी एकामागून एक कामे चालतात. माप एकच, एकर. आता या मापाचे गणित करून पाहावे. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. दहा बाय सहा फुटांवर लावलेल्या बागेत एकरी ७२६ वेली बसतात; नऊ बाय पाचवर ९६८; आठ बाय चारवर १,३६१. एकर तोच, दरही तोच सांगितला जातो, आणि काम मात्र पावणेदोनपटीहूनही अधिक होऊ शकते! त्यात वेलीवर घड किती ठेवले, पेस्ट छाटणीच्या दरात धरली की नाही, अवकाळी पाऊस येऊन काम पुन्हा करावे लागले तर त्याचे काय, हे सारे अध्याहृत. मग अर्ध्या बागेत टोळी रात्रीतून निघून जाते आणि मालक कपाळाला हात लावतो, की या लोकांना शब्दाची किंमत नाही. छाटणीला एक आठवडा उशीर झाला तर बागाईतदाराचे नुकसान केवढे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण टोळी उचल बुडवून का गेली, याचे उत्तर पुष्कळदा वेलींच्या संख्येत सापडते, माणसांच्या स्वभावात नाही.

बागाईतदाराला हे कळणार नाही असे नाही. त्याचा स्वतःचाच अनुभव काय आहे? कांदा बाजार समितीत जातो, पण द्राक्षाचा सौदा पुष्कळदा बागेतच होतो. परप्रांतातला व्यापारी येतो, गोड बोलतो, पहिल्या गाडीचे रोख देतो, दुसऱ्या गाडीचा धनादेश देतो आणि तिसरी गाडी भरून नाहीसा होतो. २०२० साली नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांना अशा बुडालेल्या रकमा वसूल करण्यासाठी खास मोहीम उघडावी लागली. बागेतल्या सौद्यात जो शेतकरी काट्यावाचून आणि पट्टीवाचून उभा असतो, तोच आपल्या घराच्या बांधकामावर आला की जागा बदलून व्यापाऱ्याच्या जागी उभा राहतो. शेवटचा हप्ता आता त्याच्या हातात असतो.

मग सारे लिहून काढले म्हणजे झाले काय? कागदावर इतकी भिस्त ठेवण्याआधी महाराष्ट्राचा इतिहास आठवावा. १८७५ साली सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्या काय उगाच? कागद हेच लुटीचे हत्यार होते. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारे जोतीराव फुले निरक्षर कुणब्याची कागदोपत्री कशी नागवण होते ते जाणत होते. आणि ते स्वतः कंत्राटदारीचा व्यवसाय करीत, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवलेले होते, तेव्हा ठेक्याच्या व्यवहाराची आतली बाजूही त्यांना अपरिचित नव्हती. त्या उठावानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचे करारपत्र गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, सावकाराने पावती द्यावी, हिशेब दाखवावा, अशा तरतुदी त्यात होत्या. सावकारांनी त्यातूनही पळवाटा काढल्या. तरीही त्या कायद्यातली एक गोष्ट टाकाऊ नव्हती: कागद दुर्बळाच्या समोर, त्याला वाचून दाखवून, तिसऱ्या माणसाच्या साक्षीने लिहिला गेला पाहिजे. एकाने लिहून दुसऱ्याचा अंगठा घेतलेला कागद आणि दोघांच्या देखत भरलेली मोजमापाची वही यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तेव्हा मागणी करावयाची ती अशा वहीची. घराच्या नकाशाला स्थानिक संस्थेची परवानगी लागतेच. त्या अर्जासोबत ठेक्याच्या एका पानी मराठी कराराची प्रत का जोडली जाऊ नये? त्यात दर कोणत्या मापाचा, चज्जा-जिना-पॅरापेट धरले की नाही, पाणी कोणी मारावयाचे, एवढे असले तरी निम्मे तंटे जन्माला येणार नाहीत. जोते, स्लॅब, वीटकाम, गिलावा या प्रत्येक टप्प्याला दोघांच्या सह्यांनी माप लिहिले जावे आणि त्या टप्प्याचे पैसे त्याच आठवड्यात चुकते व्हावेत. जादा काम सांगितल्या दिवशीच वहीत चढावे. सदोष कामासाठी मालकाने थोडी रक्कम एक पावसाळा राखून ठेवावी, त्याला हरकत नसावी. सरकारही आपल्या ठेकेदारांची अनामत ठेवतेच. पण राखून ठेवायची ती ठेकेदाराच्या वाट्यातून. मजुरांच्या मजुरीला कोणत्याही तंट्यात हात लागता कामा नये. ती बाजारच्या दिवशी मालकाच्या समक्ष वाटली जावी, आणि ठेकेदार नाहीसा झाला तर १९७० च्या कायद्याचे तत्त्व दहा मजुरांच्या घरालाही लागू व्हावे. सधन मालकांना हे जड जाणार नाही. निवृत्त शिक्षकाला जड जाईल, हे खरे. त्याच्यासाठी एकाच मजुरीचे दोनदा पैसे भरावे लागू नयेत म्हणूनच ती त्याच्या डोळ्यांदेखत वाटली जाणे अगत्याचे आहे.

कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. गवंड्यांच्या आणि मजुरांच्या संघटनेने छापील वही काढली आणि तीवाचून उक्ते काम घ्यावयाचे नाही असे ठरविले, तर मालकांनाही तिची सवय लागेल. तंटा झालाच तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याखाली स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्नाची अट न घालता फुकट वकील मिळतो, आणि लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नसते. घमेले वाहणाऱ्या बहुतेकांना यांपैकी एक ना एक हक्क लागू आहे. तो मागावयास जाताना हातात वही हवी.

द्राक्षबागांत सुरुवात सोपी आहे. छाटणीसाठी टोळी उतरेल त्या दिवशी मालकाने आणि मुकादमाने मिळून ओळींतून एक फेरी मारावी, आणि वहीच्या पहिल्या पानावर एकरांच्या जागी वेलींचा आकडा लिहावा.